ज्यांना गाता येत नाही त्यांनी हात वर करा

तबल्याच्या पिशवीच्या तळाशी पावडर साठते ना, तसे संगीत शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात. मुद्दाम कुणी भरत नाही, पण पिशवी झटकली की निघतातच! आमची पिशवी गेल्या काही वर्षांत फारच जड झालीय, आणि त्याला कारण गाडेकर मॅडम.

मॅडम नगरच्या. शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात घरी बसून कंटाळल्या. मग त्यांनी जिल्ह्यातल्या संगीत शिक्षकांची शिबिरं घ्यायला सुरुवात केली. आपल्या भागातली लोकगीतं आणि जगभरचं संगीत वर्गात कसं आणायचं, हा विषय. मी नागापूरच्या शाळेत शिकवते. पोरं मला निमसे बाई म्हणतात. माझ्यासारखेच आणखी दोघं पहिल्या शिबिरात मॅडमच्या तावडीत सापडले ते अजून सुटलेले नाहीत, काष्टीचे रशीद सर आणि पुणतांब्याचे थोरात सर. आता आम्ही तिघं मिळून मॅडमबरोबर नव्या शिक्षकांना शिकवतो. म्हणजे मॅडम शिकवतात, आम्ही बादल्या उचलतो!

*

पहिल्या शिबिराचा पहिला दिवस. 'संगीत शिक्षक' म्हणून जमलेल्यांत खरे संगीतवाले अगदी मोजके. बाकी कुणी गणिताचे, कुणी भूगोलाचे. वेळापत्रकात तास मोकळा सापडला म्हणून संगीत गळ्यात पडलेली मंडळी. रशीद सर तर मराठी आणि पीटी शिकवायचे.

स्वागत नाही, दीपप्रज्वलन नाही. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ज्यांना गाता येत नाही त्यांनी हात वर करा."

जवळजवळ सगळ्या हॉलचे हात वर! मला बऱ्यापैकी गाता येतं, तरी मी घाबरून वर केला. थोरात सर तेवढे हाताची घडी घालून बसलेले. रीतसर संगीत शिकलेला माणूस, घरी दोन तंबोरे!

मॅडम खूश. "छान! तुमच्यापासूनच सुरुवात करू." मग थोरात सरांकडे बघून हसल्या. "यांना जरा वेळ लागेल."

*

त्याच दिवशी दुपारी, पत्रात आणायला सांगितलेल्या बादल्या निघाल्या. आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील एमआयडीसीत रंगकाम करतात. त्यांनी रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादल्या धुऊन दिल्या होत्या. मॅडमनी त्या पालथ्या घातल्या आणि आफ्रिकेतल्या गावांत ढोल कसे वाजतात ते शिकवायला लागल्या. एका गटाने एक ठेका धरायचा, दुसऱ्याने वेगळा, आणि एकाने वरून घंटा वाजवायची. सगळं एकदम!

थोरात सर कपाळाला आठ्या घालून वाजवत होते. शेवटी थांबले. "मॅडम, यात सम कुठाय?"

"ज्याची त्याची."

"म्हणजे?"

"तुमची तुमच्याकडे, रशीदची रशीदकडे."

सरांनी बादली सरळ करून ठेवली. "माफ करा. याला आमच्यात गोंगाट म्हणतात. मी निघतो."

आणि खरंच निघाले! हॉल चिडीचूप व्हायला पाहिजे होता, पण मॅडमनी वाजवणं थांबवलंच नाही, म्हणून आम्हीही थांबवलं नाही. सर दारापर्यंत पोहोचले तेवढ्यात रशीद सर ओरडले, "सर, चालताय एकदम तालात!"

सगळ्यांनी सरांच्या पायांकडे बघितलं. सरांनीही बघितलं. पावलं ठेक्यावर बरोब्बर पडत होती!

सर दारात तसेच उभे राहिले. पाठमोरे. उजव्या पायाचा अंगठा हलत होता. बऱ्याच वेळाने वळले आणि हळूच विचारलं, "ती घंटा कुणी वाजवायची असते?"

आजतागायत आमच्या शिबिरात घंटा थोरात सरच वाजवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत!

*

एकदा शिबिर एका झेडपीच्या शाळेत होतं. मॅडमनी त्या दिवशी इंडोनेशिया काढला. तिकडे म्हणे धातूच्या थाळ्या आणि घंटांचा मोठा ताफा घेऊन बसतात आणि सगळं गाव मिळून वाजवतं. आपल्याकडे तो ताफा कुठून आणणार? मग शाळेच्या खिचडीच्या ताटल्या घेतल्या. मोठ्या ताटल्या, छोट्या वाट्या, पाण्याचे पेले. मस्त नाद निघायला लागला.

थोड्या वेळाने दार ढकललं गेलं. बघतो तर काय, बाहेर पहिलीची रांग! मागे दुसरी, त्यामागे तिसरी. ताटल्यांचा आवाज ऐकून अख्खी शाळा हात धुऊन हजर!

त्यांच्या मागून खिचडी शिजवणाऱ्या मावशी पळत आल्या, हातात डाव तसाच. "कुनी वाजवल्या ताटल्या? आजून डाळ कच्ची हाय!"

दुसरं कुणी असतं तर पोरांना हाकललं असतं. मॅडमनी एकेकाच्या हातात चमचा दिला. "शिजेपर्यंत बसा आमच्यात."

बसली की पोरं! शिक्षकांच्या मांडीला मांडी लावून. आम्हाला सकाळपासून जे जमत नव्हतं ते त्यांनी चुटकीसरशी उचललं. मध्येच मावशी दारात येऊन म्हणाल्या, "झाली खिचडी." कुणी उठेना! मावशींनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, इतकी वर्सं झाली, माझी खिचडी पोरांनी कधी नाकारली न्हाई. तुमी काय जादूटोना केला?"

*

लोकगीतं गोळा करायची म्हणून आम्ही काष्टीला गेलो. रशीद सरांच्या ओळखीच्या एक आजी होत्या, तान्हाबाई. गावात सगळे सांगायचे, ओव्या ऐकाव्यात तर तान्हाबाईंच्या.

मी मोबाईल पुढे धरला. "आजी, जात्यावरची ओवी म्हणा ना."

आजींनी माझ्याकडे असं बघितलं! "जातं कुठं हाय आता? आमी गिरनीतनं दळून आनतो. गिरनीवाल्याला म्हना गायला!"

रशीद सरांनी हसू दाबलं. मी ओशाळून मोबाईल खाली घेतला. पण मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. चला गिरणीत."

मला वाटलं, गंमत करतायत. कसली गंमत! आजींचा ज्वारीचा डबा मॅडमनी स्वतः उचलला आणि चालायला लागल्या. गिरणीवाला आमची वरात बघून बावचळला. मॅडमनी त्याला गिरणी चालू करायला सांगितली आणि दोघी चक्कीशेजारी पोत्यांवर बसल्या. पट्टा फिरायला लागला. त्याच्या जोडावर शिवण होती, ती दर फेऱ्याला फट् करून वाजायची.

आजी आधी नुसत्या बसल्या होत्या. मग मान हलायला लागली. मग उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला. आणि त्या फटक्यावर ओवी आली! माहेरची, भावाची, पोरीच्या सासरची, एकामागून एक. गिरणीचा आवाज एवढा की आजी ओरडून गात होत्या आणि मॅडम ओरडून मागे म्हणत होत्या. दोघींच्या पापण्या पिठाने पांढऱ्या!

ज्वारी कधीच दळून झाली. गिरणीवाला पट्टा बंद करेना. रांगेत डबा घेऊन उभी असलेली एक बाई वैतागली, "आरं, माझं दळन घे की!"

गिरणीवाला म्हणाला, "थांबा वहिनी. आजीचं आजून संपलं न्हाई."

*

थोरात सरांनी पुणतांब्याच्या शाळेत पहिल्यांदा परदेशी गाणं शिकवलं त्याची गोष्ट. न्यूझीलंडकडच्या नावाड्यांचं. सगळे मिळून वल्हं मारताना म्हणतात तसलं, जोरकस, छातीवर हात मारत. पोरांना असलं आवडलं की विचारू नका!

तिसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील शाळेत आले. चांगले बागायतदार गृहस्थ, पण चेहरा उतरलेला. सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरगं रात्रंदिस काय तरी बडबडतंय. डोळे मोठे करतंय, छाती बडवतंय. आई म्हनती, बाहेरचं लागलंय. तुमच्याकडं दाखवून मग पुढं बगू म्हनलं."

सरांनी सगळं समजावून सांगितलं, कुठला देश, कसली नाव, वल्ही कशी मारतात. वर्गातल्या पोरांकडून गाऊनही दाखवलं. आता हे गृहस्थ तक्रार करणार आणि आपलं शिबिर बंद पडणार, असं सरांनी धरूनच ठेवलं होतं.

ते शांतपणे ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "म्हंजे नाव हाकायचं हाय व्हय! मग हरकत न्हाई."

सरांच्या जिवात जीव आला.

जाता जाता ते दारात थांबले. "फकस्त जरा हळू म्हनायला सांगा. आपल्या गोदावरीत गुडघाभर पानी, येवढ्या जोरात नाव पार वाळूत जाईल!"

*

रशीद सरांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. हे आम्हाला कित्येक दिवस माहीतच नव्हतं. शाळेत असताना वरात वर्गमित्राच्या दारावरून जायची तेव्हा रशीद सर मागच्या गल्लीने पळायचे, हे त्यांनीच पुढे सांगितलं.

मॅडमनी एका शिबिरात सगळ्यांना सांगितलं, "लहानपणी घरात ऐकलेला पहिला आवाज उद्या घेऊन या." कुणी देवघरातली घंटी आणली, कुणी बैलाच्या गळ्यातले घुंगरू. रशीद सर दुसऱ्या दिवशी आले ते अब्बांना घेऊन! बाह्यांवर सोनेरी पट्ट्या असलेला लाल कोट, इस्त्री केलेला, आणि हातात क्लॅरिनेटची पेटी. अब्बांनी हॉलवर नजर फिरवली. "लगीन कुनाचं हाय?"

हशा झाला. रशीद सर मात्र खाली बघत होते.

अब्बांनी नवरी निघतानाची धून धरली. हशा हळूहळू विरला. माझ्या शेजारच्या बाई तर पदराने डोळे पुसायला लागल्या. थोरात सरांनी न विचारता हार्मोनियमवर सूर धरला. वाजवून झाल्यावर अब्बा त्यांना म्हणाले, "तुमी संगं असता ना साहेब, तर वरमाय पन रडली असती."

रशीद सरांनी मान वर केली. अब्बांकडे बघत राहिले. त्यांच्या हातातलं क्लॅरिनेट घेतलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि स्वतः पेटीत ठेवलं.

पुढच्या सोमवारी रशीद सर शाळेत आले ते लाल कोट घालून. खांद्याला ढगळ, बाह्या लांब. हेडमास्तर गेटवरच थांबले. "काय हो, आज काही कार्यक्रम?"

"नाही सर. पाचवीला संगीताचा तास आहे."

*

आता आमच्या नागापूरचं. आमच्या शाळेत कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची मुलं भरपूर. कुणी बिहारचं, कुणी यूपीचं. फूलमणी झारखंडची. अर्धं वर्ष उलटल्यावर आली आणि चौथीत बसली. बोलायची नाही. मराठी नाही, हिंदी नाही, काहीच नाही. हाक मारली की उभी राहायची, एवढंच. वर्गशिक्षिका दिवसभर "लक्ष कुठंय? परत!" म्हणायच्या, तरी तोंड उघडायची नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हिला काही समजत नाही, दुसरीत बसवू. हेडमास्तरांनाही ते पटत चाललं होतं. मी माझ्या तासाला सगळं करून बघितलं. बादल्या, ताटल्या, टाळ्या. ती भिंतीला टेकून नुसती बघायची. घरी गेले तरी तिचे ते डोळे समोरून जायचे नाहीत.

मी मॅडमना फोन केला. त्या रिक्षा करून आल्या. वर्गात आल्या ते थेट फरशीवर, मुलांमध्ये बसल्या.

"मी या वर्गात नवीन आहे," त्या म्हणाल्या. "मला काही येत नाही. कुणीतरी शिकवा."

पोरं तुटून पडली! एकाने टाळ्यांचा खेळ शिकवला, एकीने झिम्मा शिकवला. मॅडम सगळ्यात चुकत होत्या, पोरं खिदळत होती. मग पोरांचं संपलं.

फूलमणी भिंतीपासून निघाली. तिने येऊन मॅडमचं मनगट धरलं आणि त्यांना उभं केलं. स्वतःचा हात त्यांच्या कमरेमागून घातला, दुसऱ्या बाजूला एका मुलीला ओढून घेतलं, आणि पाय उचलला. एक पुढे, दोन मागे. बारीक आवाजात तिच्या गावाकडच्या बोलीत गायला लागली. एकेक करून मुली त्या रांगेत शिरल्या. हेडमास्तर खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

मॅडमचा पाय चुकला. या वेळी खरंच चुकला.

फूलमणी थांबली. गाणं थांबलं. सगळी रांग थांबली. तिने मान वर करून मॅडमकडे बघितलं, कमरेवर हात ठेवला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली,

"तसं न्हाई बाई! लक्ष कुठंय? परत!"

मॅडमनी पदर खोचला, पाय जुळवले आणि म्हणाल्या,

"हो बाई."