घाटातला दुसरा रविवार

पन्नाशीला टेकल्यावर आमच्या ह्यांना पळायचं वेड लागलं, आणि ह्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून मीही पळायला लागले. आमच्या गडमुडशिंगी गावातले माझे चुलत दीर विचारायचे, "वहिनी, मागं कुत्रं लागलंय काय?"

यंदा ह्यांनी सलग दोन रविवारी दोन शर्यती धरल्या. पहिली कोल्हापुरातली, सपाटीवरची. दुसरी पन्हाळ्याच्या घाटातली, तिच्याहून लांब पल्ल्याची. पहिलीत शेवटाकडे हे एकाएकी चालायला लागले आणि डावा खांदा चोळत राहिले. "पित्त झालंय," म्हणाले. पित्त खांद्यात कधीपासून व्हायला लागलं, असं मी विचारलं तर चिडले. डॉक्टरांना दाखवायचं ते दुसरी शर्यत झाल्यावर, असं सांगून मोकळे झाले.

कारण साधं होतं. गावच्या चौकात भावकीनं दोन्ही शर्यती पुऱ्या केल्याबद्दल अभिनंदन करणारा फलक आधीच लावला होता. फेटा बांधलेला ह्यांचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची गर्दी. आमच्याकडे अभिनंदन करायला काम पुरं व्हायची वाट बघत नाहीत. "आता मागं सरलो तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाय," हे म्हणाले. आठवडाभर मी भांडले. मग बोलणंच टाकलं, पण हे जिना चढायला लागले की खाली उभी राहून ह्यांचा श्वास ऐकायचे.

रविवारी घाटात मी ह्यांच्या अर्धं पाऊल मागं होते. रस्ता बघितलाच नाही, ह्यांचा डावा हात तेवढा बघत होते. चढावरच्या एका वळणाला तो हात हलायचा थांबला आणि छातीशी आला. तोंड पांढरं पडलं होतं. मी थांबा म्हणाले असते तर ह्यांनी उलट जोर लावला असता. चारचौघांत बायकोचं ऐकणं ह्यांच्या स्वभावात नाही. मला संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. मी पोटरी धरून ओरडले आणि रस्त्याच्या कडेला बसकण मारली.

हे पळतच राहिले. मला फक्त ह्यांची पाठ दिसत होती आणि ती लांब जात होती. मग हे वळले.

"काय झालं गं?"

"गोळा आलाय पायात. मला टाकून जाऊ नका."

हे खाली बसून माझी पोटरी चोळायला लागले. ह्यांचे हात गारठलेले. मी हळूच विचारलं, "दुखतंय न्हवं?"

मान वर न करता म्हणाले, "व्हय. मगाधरनं."

मागून शर्यतीची अँब्युलन्स येत होती. मी हात केला. उतरलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुणाला त्रास होतोय?"

"हिच्या पायात गोळा आलाय," म्हणत ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"माझा पाय चांगला हाय," मी म्हणाले. "ह्यांच्या छातीत दुखतंय. गेल्या रविवारी खांदा धरलावता."

आजूबाजूचे पळणारे थांबून बघत होते. हे आता तडकणार, म्हणून मी तयारीतच होते. लग्न झाल्यापासून माझं एकही वाक्य ह्यांनी खोडल्याशिवाय सोडलेलं नाही. पण हे गपगुमान स्ट्रेचरवर आडवे झाले आणि डोळे मिटले. खरी भीती मला तेव्हा वाटली.