कपाळाला लावलेलं चरित्र

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या लायब्ररीत मी काउंटरला असते. मुलाकडे राहायला आलेले एक काका रोज दहाला येतात, हात जोडून मला ‘किया ओरा’ असा इथला माओरी नमस्कार करतात आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

गेला महिनाभर ते एकच जाडजूड पुस्तक वाचत होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन लाकूड व्यापाऱ्याचं चरित्र. उघडताना आणि मिटताना ते पुस्तक कपाळाला लावायचे. निघताना मला त्याची खबर द्यायचे, जणू तो त्यांच्याच गावचा.

“आज सिनेटर झाला बरं का! करवत ओढणारा माणूस!”

काल मात्र ते उघडंच पुस्तक घेऊन काउंटरशी आले.

“काय झालं, काका?”

“त्याची जंगलं कुठून आली ते आज कळलं. तिथल्या मूळ लोकांची होती. त्यांना वाचता येत नव्हतं. कागदावर सहीच्या जागी फुल्या काढून घेतल्या त्यांच्याकडून.”

“मोठी माणसं अशीच असतात हो,” मी आपलं म्हटलं.

“तो स्वतः नव्हता गेला. कारकून पाठवला होता.”

पुस्तक कपाळाकडे न नेता त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“त्या कारकुनाचं नावसुद्धा नाही पुस्तकात,” ते म्हणाले. “आमच्याकडे धरण झालं, तेव्हा गावोगाव अंगठे घ्यायला मी जायचो.”