घोरणं थांबलं की

दाजी उंच क्रेनवर बसायचे आणि त्यांचा मेहुणा खाली उभा राहून वॉकीटॉकीवर त्यांना इशारे द्यायचा. नियम एकच. खालून आलेला शब्द वरून परत म्हणायचा. "थोडं खाली" म्हटलं की "थोडं खाली" ऐकू आलंच पाहिजे. वरून आवाज नाही, तर लटकत्या भाराखाली कोणी थांबायचं नाही.

शनिवारी काँक्रीटची अख्खी भिंत हवेत असताना वरचा आवाज बंद झाला. मेहुण्याने हाका मारल्या, मग ओरडून गवंड्यांना पळवलं. बऱ्याच वेळाने जड आवाज आला, "हां, काय?" सुपरवायझरने विचारलं, तेव्हा मेहुण्याने वॉकीटॉकीच्या बॅटरीवर खापर फोडलं. नातं आडवं आलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

रविवारी दुपारी तो दाजींना जाब विचारायला ताईकडे गेला. दाजी झोपले होते आणि घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

"घोडे विकून झोपतात आणि उठल्यावर म्हणतात डोकं ठणकतंय," ताई म्हणाली. "जेवतानासुद्धा पेंगतात. वय झालं, दुसरं काय."

एवढ्यात घोरणं तुटलं. ताईला हायसं वाटलं. "बघ, आता कसे शांत झोपले."

मेहुणा ताडकन उठला. वरून आवाज नाही, याचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता. दाजींची छाती धडपडत होती, पण नाकापुढे धरलेल्या बोटांना श्वास लागेना. मग एक हिसका बसला, घशातून आवाज फुटला आणि ते पुन्हा घोरू लागले. ताई दारातून बघत होती. हे तर रोज असंच व्हायचं, आणि ती कूस बदलून निवांत झोपायची.

"उद्या वर चढू नका," दाजी उठल्यावर मेहुणा म्हणाला. "मी सुपरवायझरला खरं सांगणार आहे."

"माझ्या पोटावर पाय देतोस? बहिणीचं घर आहे हे."

"खाली माणसं असतात, दाजी. मीही असतो."

बायको आपली बाजू घेईल, असं दाजींना वाटलं. ती म्हणाली, "त्याने नाही सांगितलं, तर मी सांगेन."

सोमवारी मेहुण्याने सुपरवायझरला खरं सांगितलं आणि दाजींची क्रेन सुटली. दाजींनी अबोला धरला, पण डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी ताईलाच जास्त विचारलं. झोपलेल्या माणसाची साक्ष काय कामाची? एक रात्र अंगाला तारा लावून तपासणी झाली. झोपेत घसा मिटत होता, श्वास अडला की मेंदू दचकून जागा होत होता, म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नव्हती. वजन उतरवायचं, दारू बंद, आणि झोपताना नाकावर मास्क. मशीनमधून त्याच्या नळीत येणारी हवा घसा उघडा ठेवणार होती.

"हत्ती आहे का मी, सोंड लावायला?" म्हणत दाजींनी मास्क भिरकावला. ताईने तो उचलून पुन्हा लावला. असं कितीतरी वेळा झालं. हळूहळू सकाळची डोकेदुखी गेली, पेंग गेली, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर क्रेनही परत मिळाली. वरून शब्दाला शब्द येऊ लागला.

अशाच एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. "झोपलेत. मशीन लावून."

"मग?"

"आवाजच येत नाही रे. जराही."

"ताई, छातीवर हात ठेवून बघ."

"ठेवलाय," ती म्हणाली. "मघापासून काढलाच नाही."