हिरव्या पट्टीची नळी

आमच्या प्रयोगशाळेत रक्त काढणाऱ्या माणसाला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती त्यांनी लांबूनच पाहिलेली, पण अंगाने असे धडधाकट की डॉक्टरांना त्यांच्याशेजारी उभं राहायला लाज वाटावी. सिगारेट नाही, दारू नाही, लिफ्ट तर नाहीच नाही. वॉर्डात भेदरलेल्या पेशंटला म्हणायचे, "मूठ मिटा आणि माझ्याकडे बघा. सुईपेक्षा माझं तोंड भयंकर आहे." पेशंट हसेपर्यंत सुई आत गेलेली असायची.

माझं काम यंत्रावर. हार्ट अटॅक आला की हाडांच्या मज्जेतून काही पेशी रक्तात उतरतात, नव्या रक्तवाहिन्या घडवायला हातभार लावणाऱ्या. निरोगी माणसात त्या जेमतेम सापडतात, अटॅकनंतर काही दिवस मात्र वाढतात. त्या मोजायच्या. पण यंत्र नीट मोजतंय हे कळणार कसं? म्हणून पेशंटच्या लाल पट्टीच्या नळ्यांबरोबर एका निरोगी माणसाची हिरव्या पट्टीची नळी लावायची. ती कायम पैलवानांची. स्वतःच बाही वर सारून म्हणायचे, "घ्या, शुद्ध माल!"

त्या सोमवारी हिरव्या नळीत त्या पेशी चिक्कार निघाल्या.

माझं डोकंच फिरलं. नळ्यांची अदलाबदल झाली असणार! मी पैलवानांवर उखडले. "ताई, माझं रक्त मी ओळखत नाही होय?" ते बिचारे म्हणाले. मी यंत्र धुतलं, रसायनाची नवी बाटली फोडली, त्यांचं रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला आणि यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. "मग काय मी आंधळी आहे?" तो चहा अर्धा टाकून पळाला. इकडे माझा राग निवावा म्हणून पैलवान रसायनाचे जड खोके खांद्यावर घेऊन जिने चढत होते.

शेवटी वैतागून मी माझ्याच रक्ताची नळी लावली. आकडा जिथे असायला हवा तिथेच आला. मग पैलवानांची लावली. आकडा वर.

यंत्राला शिव्या घातल्या, रसायनाला घातल्या, एकमेकांना घातल्या. ज्याचं रक्त त्या माणसाचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. हिरवी पट्टी होती ना त्याच्या नळीवर!

मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टरांना बोलावलं. "नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या, पण आवाज बदलला होता. "पैलवान, गेल्या आठवड्यात काही झालं होतं?"

"काय व्हायचंय? मुलीचं लोखंडी कपाट वर चढवलं. खांदा भरून आला, दरदरून घाम फुटला, जरा मळमळलं. बायकोनं बाम चोळला."

"बसा!" बाई ओरडल्या. "आहात तिथेच बसा!"

ईसीजीचा कागद बाहेर येत गेला तसा बाईंचा चेहरा उतरत गेला. अटॅक येऊन गेला होता. आणि आम्ही त्यांना खोके वाहू देत होतो! त्यांची बायको धापा टाकत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "अहो, तुम्ही तर सारखं त्यांचं रक्त तपासता ना?"

त्याच दुपारी त्यांच्या हृदयाच्या वाहिनीत जाळी बसवली. "आणखी थोडे दिवस असेच जिने चढले असते तर..." जाळी बसवणारे डॉक्टर एवढंच बोलले.

पुढे आमच्या मोजणीसाठी त्यांचं रक्त हवं होतं. त्यांनी निरोप धाडला, "ताईच येऊ दे." त्यांच्याच वॉर्डात, ज्या खाटांवरच्या लोकांना ते हसवायचे, त्यातल्याच एका खाटेवर ते पडले होते. मी न सांगताच त्यांनी मूठ मिटली. मला म्हणायचं होतं, माझ्याकडे बघा. पण मी सुईवरून नजर हलवली नाही.

नळी भरली. सवयीने मी खिशातून पट्टी काढली आणि चिकटवली. पैलवान बघत होते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हिरवी नको. आता लाल लावा."

मी नखाने ती हिरवी पट्टी सोलायला लागले. निघता निघेना.