दुसऱ्या प्रोसेसरची जागा

हंबीररावांना स्वतःच्या नाकावर माशी बसलेली खपत नसे आणि सर्व्हरवर धूळ. तमिळ मुलखात अंबत्तूरला ब्रेकचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावरची काचेच्या दाराची थंड खोली त्यांनी सव्वीस वर्षं जिवापाड सांभाळली. कुठला भाग कुठल्या लॉटचा, कुठल्या गाडीत चढला, हे सगळं त्या खोलीतल्या डेटाबेसमध्ये असे. त्यातून यादी छापून आल्याशिवाय गेटवरची लॉरी हलत नसे. त्यांचं घराणं तंजावरकडचं, त्यामुळे बोलणं निम्मं पणजोबांच्या काळातल्या मराठीत आणि निम्मं तमिळमध्ये. त्यांची बायको सकवारबाई म्हणायची, ह्यांना ताप भरला तरी हे आधी सर्व्हरचं तापमान बघून येतील. खोटं नव्हतं ते.

गेल्या जूनमध्ये कॉम्प्युटर खात्याची प्रमुख म्हणून अवनी आली. साताऱ्याची, वय तेहतीस, नोकरी मार्चअखेरपर्यंत परीक्षेवर. अशा पोरीच्या हाताखाली काम करायचं म्हटल्यावर दुसरा कोणी फुगून बसला असता. हंबीररावांनी तिला वेस्ट मांबलममधल्या आपल्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर घर मिळवून दिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. सकवारबाई रोज संध्याकाळी तिच्यासाठी वाटीभर काहीतरी झाकून ठेवायच्या, आणि ती येईपर्यंत हंबीरराव टीव्ही बघत असल्याचं नाटक करायचे.

सप्टेंबरात वरून हुकूम आला. जुना सर्व्हर म्हातारा झालाय, नवा घ्या, आणि कंपनीच्या गुम्मिडिपूंडीतल्या दुसऱ्या कारखान्याचं कामही त्याच्यावरच चढवा. जनरल मॅनेजर विजयकुमारने स्पष्ट बजावलं, की हा सर्व्हर कमी पडला तर ती खोलीच बंद करू आणि सगळा डेटा बाहेरच्या भाड्याच्या मशीनवर नेऊ. अवनीने निवड हंबीररावांवर सोपवली. म्हणाली, काका, ह्या डेटाबेसची नाडी तुमच्याइतकी कोणाला ठाऊक आहे?

झालं! म्हातारा सुखावला. प्रोसेसर दोन तऱ्हांचे होते. एकात कोअर, म्हणजे काम करणारे हात, पुष्कळ, पण प्रत्येक कोअर संथ. दुसऱ्यात कोअर मोजके, पण चपळ. अवनीला त्यांनी कॅन्टीनच्या कॉफीवरून समजावलं. गिऱ्हाइकं चारच असतील तर आठ संथ माणसं उभी करून काय उपयोग, दोन झटपट कॉफी ओतणारे पुरतात. गर्दी झाली तर मात्र माणसंच जास्त लागतात. तेव्हा आधी गर्दी मोजायची. एका वेळी किती कोअर कामात गुंतलेत हे मिनिटामिनिटाला टिपणारा एक प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला आणि सतरा सप्टेंबरला चालू केला.

सहामाहीचा शेवट तीस तारखेला, आणि आयुधपूजा एक ऑक्टोबरला. त्या पूजेला तिकडे यंत्रं धुऊन-पुसून गंध-कुंकू लावतात, आणि पूजेला मांडलेलं हत्यार विजयादशमीपर्यंत कोणी हातात घेत नाही. हंबीररावांचा नेम त्याहून कडक. आपलं हत्यार आदल्या दिवशी दुपारीच थांबवायचं, त्याला विश्रांती द्यायची. सर्व्हर थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, खाली कारखाना चालू होता. पण तो मोजणारा प्रोग्रॅम त्यांचा स्वतःचा, त्यांचं हत्यार. तीस तारखेला दुपारी बाराला त्यांनी तो बंद केला आणि खोली पुसायला घेतली. गंध उगाळलं, सर्व्हरच्या दारावर तीन बोटं ओढली, मधोमध कुंकू लावलं.

खाली काय चाललं होतं? सुट्टीच्या आत आणि सहामाहीच्या आत माल बाहेर काढायला सगळे एकदम याद्या मागत होते. सहा महिन्यांतली सगळ्यात मोठी गर्दी त्या दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत होती. जुना सर्व्हर धापा टाकत होता, लॉऱ्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. पण शेवटच्या तारखेला त्या दरवेळीच लागतात, कोणाला त्याचं काही वाटलं नाही. हंबीरराव पाचच्या बसने घरी गेले. सकवारबाईंनी नवरात्रातल्या बाहुल्यांचं कोलू मांडलं होतं, समोर समई होती. साडेआठला दमलेली अवनी आली आणि द्रोण भरून हरभऱ्यांचं सुंडल खाऊन गेली.

मोजणी पुरी झाल्यावर आकडा निघाला सहा. कधीही सहापेक्षा जास्त कोअर गुंतले नव्हते. गुम्मिडिपूंडीसाठी त्याची दुप्पट, वर थोडे, असा हिशेब करून त्यांनी सोळा चपळ कोअरचा एकच प्रोसेसर निवडला. पुरवठादार म्हणत होता की मशीन दोन प्रोसेसरची जागा असलेलं घ्या, दुसरी जागा आत्ता रिकामी राहू दे. अवनीनेही विचारलं, ठेवायची का काका?

"नको मा, पोरी," हंबीरराव म्हणाले. "मोजता येत नाही त्याने जागा रिकामी ठेवावी. मी मोजलंय."

अवनीने सही केली.

जानेवारीत नवा सर्व्हर बसवला. पूर्वी वीस मिनिटं लागणारी यादी दोन मिनिटांत यायला लागली. विजयकुमार स्वतः वर येऊन हात मिळवून गेला. हंबीररावांची मान तीन महिने ताठ होती.

मग एकतीस मार्च उजाडला. वर्षअखेर, आणि आता दोन कारखाने. दुपारी तीनला याद्या रेंगाळायला लागल्या. साडेचारला सोळाच्या सोळा कोअर शंभर टक्के भरलेले आणि मागे सत्तर कामं ताटकळत उभी. मेमरी भरली, डिस्कवर ताण आला, सहाला तर पडद्यावरचा आकडाही हलेना. अवनी दोन्ही कारखान्यांना फोन करून हातपाय जोडत होती, तुम्ही थांबा, आधी त्यांना जाऊ द्या. दुसरा प्रोसेसर आणून बसवावा तर त्याला जागाच नव्हती. त्या दिवशी जायच्या मालातला निम्मा माल गेटच्या आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी सप्टेंबरची मोजणी पुन्हा उघडली. तीस तारखेच्या दुपारी रेघ तुटली होती, आणि तीन तारखेला सकाळी पुन्हा सुरू झाली होती. मधे कोरं. ते किती तरी वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची शिसारी आली, दुसरा शब्द नाही. सव्वीस वर्षांत पन्नासहून जास्त सहामाह्या बघितलेला माणूस! पण शेवटच्या तारखेला दुपारी काय होतं हे मोजणी बघताना त्यांना आठवलं नाही, कारण त्या दुपारी ते गंध उगाळत होते.

दोन दिवस ते अवनीला टाळत राहिले. वर अवनीच्या चालण्याचा आवाज आला की ते उठून गॅलरीत जायचे. तिची नोकरी कायम होणार की नाही हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं, आणि कागदावर सही तिची. सकवारबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, की पोरीला त्यात बुडवू नका, सांगून या.

तिसऱ्या दिवशी ते विजयकुमारसमोर उभे राहिले आणि आपली चूक सांगितली, एकही शब्द न लपवता. विजयकुमार चिडला नाही. तो म्हणाला की तुमची दोन वर्षं उरलीत, ती नीट काढा, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. पण सही करणाऱ्याने बघायला हवं होतं. आणि तिने सकाळीच राजीनामा दिलाय.

हंबीरराव तसेच जिना चढून वर गेले. अवनी टेबलाचा खण रिकामा करत होती. त्यांनी तिला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"मला दिसली होती ती कोरी जागा, काका," ती म्हणाली. "सही करायच्या आधीच. पूजेसाठी थांबवलं असणार हे कळलं होतं. तुमच्या पूजेवर बोट कसं ठेवायचं, म्हणून नाही विचारलं."

त्यांना कोलूची संध्याकाळ आठवली. ती सुंडल खायला आली होती त्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं, आमच्यात ह्या पूजेबद्दल प्रश्न विचारत नाहीत. थट्टेत म्हणाले होते. तिने ते खरं धरलं होतं.

एप्रिलअखेर वरच्या घराच्या गॅलरीत टू-लेटची पाटी लागली. मे महिन्यात डेटा बाहेर गेला आणि ती खोली रिकामी करायचं काम हंबीररावांकडेच आलं. सर्व्हर त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. पंख्यांचा आवाज थांबल्यावर खोलीत त्यांना आपला श्वास ऐकू यायला लागला. जुनी मशीन विकत घेणारा माणूस आला, त्याने झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारली. मशीन चांगलं आहे, नवंच आहे म्हणाला. मग त्याने तमिळमध्ये विचारलं, की ह्यात दुसऱ्या प्रोसेसरला जागा नाही ठेवली का?

"नाही," हंबीरराव म्हणाले. "ती विचारत होती. मीच नको म्हटलं."

ती म्हणजे कोण, हे त्या माणसाला कळलं नाही. त्याने झाकण लावलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.