शुमकारचे पांढरे दात

उरुमकानचा राग गावाला नवा नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेली बाई ती. एकदा खाटकानं पोरांच्या जेवणासाठी वास मारणारं मटण पाठवलं, तर तेच पातेलं उचलून तिनं त्याच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत नेऊन आदळलं होतं. पण त्या वसंतात तिच्यावर जी पाळी आली ती कुणावर येऊ नये. गाव तिला चोर म्हणायला लागलं. आणि पुरावा काय, तर तिच्या कुत्र्याचे दात फार चांगले आहेत.

आता बोला.

कुत्रा म्हणजे ताईगान, डोंगरातल्या शिकारीचा, लांब पायांचा, चिंचोळ्या तोंडाचा. नाव शुमकार. नवऱ्यानं नऊ वर्षांपूर्वी, पिल्लू असताना, कोटाच्या आत घालून आणला होता. नवरा गेला, लेक लग्न होऊन राजधानीला, बिश्केकला गेली आणि घरात ही दोघंच राहिली. अंगानं पांढरा, त्यामुळे वय झालं तरी तोंडावरचे पिकले केस कुणाला दिसायचे नाहीत.

रोज संध्याकाळी गाईचं दूध काढून झालं की उरुमकान अंगणात पायरीवर बसायची. बोटाला मऊ फडकं गुंडाळायचं, लेकीनं पाठवलेली कुत्र्यांची पेस्ट त्याला लावायची, ओठ वर करायचा आणि वरच्या मागच्या दाढांपासून सुरुवात करायची, कारण घाण साचते ती तिथेच. माणसांची पेस्ट कुत्र्याच्या पोटाला बाधते, म्हणून ती लांब ठेवलेली. पिल्लू असताना नुसता ओठाला हात लावू द्यायला त्यानं किती नखरे केले होते. तिनं जबरदस्ती केली नाही. आज ओठ, उद्या एक दात, आणि प्रत्येक वेळी खायला मेंढीच्या कलेजीचा एक तुकडा, असं करत त्याला शिकवलं.

शेजारची सोनुन भिंतीवरून हे बघायची आणि नाक मुरडायची. एकदा उरुमकाननं तिला ताजी भाकरी दिली, तर बाईनं तोंडभरून कौतुक केलं आणि घरी जाऊन ती भाकरी कोंबड्यांना घातली. कुत्र्याच्या तोंडात घातलेल्या हातांची म्हणे. याच हातांनी सोनुनच्या तीन पोरांना शाळेत वाढलं होतं, तेव्हा ते गोड लागत होते.

हाडांचं प्रकरण तर याहून वरचढ. या मुलखात पाहुण्याला मानाप्रमाणे हाड वाढतात, आणि पाहुण्यानं कोरलेलं हाड कुत्र्याला जातं. सगळी कुत्री लहानपणापासून तीच हाडं फोडतात आणि त्यांचे दात ठरल्या वेळी झिजतात. मेंढीसारखंच कुत्र्याचं तोंड उघडून लोक वय सांगतात ते यामुळेच. उरुमकान मात्र शुमकारला टणक हाड द्यायची नाही. नाझारकुल आबा, गावच्या पंचातले वडीलधारे, एकदा तिच्याकडे जेवले आणि मानाचं मांडीचं हाड त्यांनी शुमकारपुढे टाकलं. तिनं त्यांच्यादेखत ते उचलून चुलीत घातलं. आबांनी उन्हाळाभर तिच्याशी अबोला धरला.

त्या हिवाळ्यात गुडघा दुखतो म्हणून ती शुमकारला घेऊन लेकीकडे राहिली. बर्फ वितळल्यावर परतली. मधल्या काळात शेजारच्या गावातल्या कुबातचा ताईगान हरवला होता. तोही पांढरा, तीन वर्षांचा, आणि गेला तो नेमका उरुमकान निघाली त्याच सुमारास. कुबात डोंगर-दऱ्या पालथ्या घालून थकला होता. एके दिवशी घोड्यावरून जाताना त्याला तिच्या फाटकात शुमकार दिसला. तो उतरला, दोन्ही हातांनी कुत्र्याचा जबडा फाकवला, दात बघितले आणि म्हणाला, "हा माझा आहे."

उरुमकानला आधी थट्टाच वाटली. मग गाव गोळा झालं. तिचा म्हातारा कुत्रा शहरात मेला असणार आणि जाताना तिनं कुबातचा उचलला असणार, अशी कथा कुणी तरी रचली आणि सगळ्यांना ती पटली. सोनुन म्हणाली, तरीच मी म्हणते, हा एवढ्या उड्या कशा मारतो. हे ऐकून उरुमकानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवरून रोज बघणारी ही बाई. कुत्रा बघायची की नुसती नावं ठेवायची?

पंच शाळेच्या अंगणात बसले. नाझारकुल आबा दात वाचण्यात नावाजलेले, मेंढ्यांच्या बाजारात लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेतात. दोघांनी शुमकारला आवळून धरला, आबांनी तोंड उघडलं. पुढच्या दातांचे कंगोरे शाबूत, सुळे दुधासारखे. त्यांनी मान हलवली. हे नऊ वर्षांच्या कुत्र्याचं तोंड नाही, म्हणाले.

उरुमकाननं सांगितलं की मी रोज साफ करते, हाड देत नाही. लोक हसले. सोनुननं साक्ष दिली, घासते खरी, पण घासून का कुठं वय कमी होतं. झालं. जे नऊ वर्षं निगुतीनं केलं तेच तिच्या गळ्याशी आलं. दात किडू दिले असते तर हीच माणसं म्हणाली असती, कुत्रा तुझाच.

कुबातनं शुमकारच्या गळ्यात दोरी घातली. तेव्हा मात्र ती उठली.

"तुझा आहे ना, कुबात? मग घाल त्याच्या तोंडात बोट. कुणी धरायचं नाही. मागच्या दाढेपर्यंत घाल."

कुबातनं हात पुढे केला. शुमकारनं तोंड फिरवलं. पुन्हा केला, तर दात आवळून घशातून गुरगुरला. उरुमकान शाळेच्या पायरीवर बसली. डोक्याच्या रुमालाचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. हाक मारली नाही. शुमकार दोरी ओढत तिच्याकडे आला, हनुवटी तिच्या गुडघ्यावर टेकवली आणि डोळे मिटले. तिनं ओठ वर केला आणि डाव्या बाजूच्या दाढा पुसायला लागली.

कुबातनं पुढे येऊन शुमकारच्या गळ्यातली दोरी सोडली. "माझा असं करू देत नव्हता, आपा," तो म्हणाला. त्याचा कुत्रा खरोखरच गेला होता बिचाऱ्याचा. तो घोड्यावर बसून निघून गेला.

आबांना मात्र शेवटचा शब्द आपलाच हवा होता. त्यांनी खाकरून निकाल दिला. "कुत्रा तुझा, सूनबाई. पण आजपासून त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. लोकांची फसगत होते." चार जणांनी माना डोलावल्या. सोनुननंही डोलावली.

उरुमकानचा हात थांबला नाही.

"आबा, याच्या आधी आमच्याकडे एक कुत्री होती. खाईना म्हणून माझ्या नवऱ्यानं तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही असंच तोंड उघडलंत आणि म्हणालात, म्हातारी झाली, आता सोडून द्या. सहा वर्षांची होती ती. दाढा सडल्या होत्या, हिरड्यांत पू झाला होता. भरलेल्या भांड्यापुढे बसून उपाशी मेली."

उरुमकाननं शुमकारचं तोंड हलकेच दुसरीकडे वळवलं. उजवी बाजू राहिली होती, ती तिनं तिथेच, सगळ्यांसमोर, सावकाश पुरी केली.