वाडीभर पांढऱ्या कोंबड्या

माझी नात संगणकावर उत्तरांची पैदास करते. हसू नका, तिनंच मला असं सांगितलं. माल पोचवणाऱ्या गाड्या कुठल्या रस्त्यानं न्याव्यात, म्हणजे डिझेलही कमी लागेल आणि वेळही वाचेल, असली कोडी तिच्याकडे येतात. ती काय करते, तर आधी नुसत्या अंदाजानं शेकडो उत्तरं बनवते. त्यातली बरी ठेवते, बाकीची टाकते. मग दोन बऱ्या उत्तरांचे तुकडे एकमेकांना जोडून त्यांची पिल्लं काढते, एखाद्या पिल्लात मुद्दाम थोडा बदल करते, आणि परत निवडते. अशा पिढ्यांवर पिढ्या. माणसाला सात जन्मात सुचलं नसतं असं उत्तर म्हणे त्यातून निघतं.

"पण आजी, त्यात एक गोची आहे," ती म्हणाली. "दर पिढीत पहिल्या नंबरचीच निवडत गेलं ना, तर थोड्या पिढ्यांनी सगळी उत्तरं एकसारखी होतात. मग त्यातून नवं काही निघत नाही. आणि एखादा रस्ता बंद पडला की सगळी एकदम बाद."

"म्हणजे वरंध घाटात दरड आली, की सगळ्या गाड्या दरडीसमोर हात जोडून उभ्या," मी म्हटलं. "आंबेनळी घाटानं जाणारं उत्तर कुणी जपलेलंच नाही."

"बरोब्बर! म्हणून आम्ही कप्पे करतो. डिझेल कमी खाणाऱ्याचा एक कप्पा, घाट टाळणाऱ्याचा एक, भर पावसात चालेल अशाचा एक. ज्याच्या त्याच्या कप्प्यात जे चांगलं, ते जपायचं. एका कप्प्यातल्याची दुसऱ्याशी तुलनाच करायची नाही."

मी गप्प बसले. मी गप्प बसले की घरातले लोक कपाळाला हात लावून ताप बघतात. ताप नव्हता. मला कोंबड्या आठवत होत्या. पैदास, निवड, पिढ्या हा सगळा उद्योग मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत करून बसले होते, आणि कप्पे न केल्यामुळे वाडीभर तोंडघशी पडले होते.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं, तो काळ. घरवाला मुंबईला कामाला. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात मी आणि सासूबाई, आणि अंगणात सासूबाईंच्या कोंबड्या. त्या कोंबड्यांत एकीचं दुसरीला काही मिळत नव्हतं. एक तांबडी, एक कोळशासारखी काळी, एक बोडक्या मानेची. या बोडकीची मला आल्याआल्या फार दया आली होती. पुढं कळलं, सगळ्यांच्या पुढचे दाणे तीच पळवते. एक खुराड्यात म्हणून जायची नाही, फणसावर झोपायची. एक घारीची सावली दिसली तरी अशी बोंब ठोकायची की शेजारीण विळा घेऊन बाहेर यायची. आणि एक होती सदा खुडूक. खुडूक म्हणजे अंडी द्यायचं बंद करायचं, पिसं फुलवायची, आणि टोपलीत ठाण मांडून गुरगुरत बसायचं. अंडी असोत की नसोत. दगड ठेवला तरी उबवेल, अशी ती बया.

मला हा सगळा गबाळा कारभार वाटे. माझं शिक्षण चौथी. पण वाचायची हौस दांडगी, गुळाच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय चुलीत घालायची नाही. अर्धवट वाचणाऱ्याला जेवढी अक्कल असते, तेवढी माझ्यात भरून उरली होती.

आणि अशात महाडहून सरकारी साहेब आले. एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या हातातलं वेताचं डालगं त्यांच्याआधी आरवलं. आत पांढराशुभ्र विलायती कोंबडा. कोंबड्यांची जात सुधारायची योजना होती. घरचा देशी कोंबडा काढून टाकायचा, हा ठेवायचा, आणि जास्त अंडी देणारीच पिल्लं पुढं वाढवायची. साहेबांनी एक छापील कागदही दिला. तो मी सासूबाईंना हात वर करकरून वाचून दाखवला.

सासूबाईंनी भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाल्या, "कर गो काय करायचं ते. कोंबड्या तुझ्या हवाली. पण येक ध्यानात ठेव. राखणंचा मान आपल्याकडं येईल, त्या साली कोंबडा घरचा हवा. तांबडा. आपल्या आंगणात अंड्यातनं निघालेला. इकतचा नाय चालत."

मार्गशीर्षात भात घरात आलं, की वाडीची राखण करणाऱ्या देवाला सगळ्या वाडीच्या वतीनं एक कोंबडा द्यायचा, असा आमच्याकडचा रिवाज. तो कुणी द्यायचा, तो मान घरोघर फिरे. आमच्या घरी मागं आला होता तेव्हा सासरे होते. आता परत येणार तेव्हा घरात पुरुष नाही, मुलगा मुंबईला. सासूबाईंना सगळ्या वाडीसमोर तो कोंबडा स्वतः घेऊन जायचा होता. बोलल्या कधीच नाहीत. पण देवळाकडं जाताना नेसायचं लुगडं त्यांनी कधीचं बाजूला काढून ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"तांबडा कोंबडा ना? त्यात काय," मी म्हटलं आणि कामाला लागले.

रोज सकाळी खुराडं उघडताना एकेकीला काखेत धरायची आणि बोटानं चाचपायची. अंडं आहे, पास. नाही, नापास. शाळामास्तरीण व्हायची राहिलेली हौस मी कोंबड्यांवर भागवून घेतली. खुडूक बया पहिल्या झटक्यात नापास. मग बोंब ठोकणारी, कारण घार बघण्यातच तिचा दिवस जाई. फणसावरची कुठं अंडी द्यायची देव जाणे, तीही गेली; पुढं अंडी आटली तशी तांबडी, काळी आणि बोडकीही. नापास झालेल्या मी डोंगरावरच्या वाडीतल्या मावशीला देऊन टाकायची. ती गुरं राखणाऱ्या घरातली, तूप घेऊन खाली यायची. "दे गो," म्हणायची, "माझ्याकडं समद्यांना जागा हाय." मला तिची कीव यायची. बिचारीला निवडायचं कळत नाही!

आज नातीचं ऐकून वाटतं, माझा कप्पा एकच होता, अंड्यांचा. कारण अंडं टोपलीत पडतं, सगळ्यांना दिसतं. घार आल्यावर मारलेली बोंब कुठल्या टोपलीत पडणार?

पण निकाल लागला, हे खोटं नाही. पहिली पिल्लं मोठी झाली ती बहुतेक पांढरी, अंगावर कुठं कुठं ठिपके. त्यांची पिल्लं आणखी पांढरी. आणि अंडी! टोपली जड लागायला लागली. शेजारणी उबवायला अंडी मागायला येऊ लागल्या. मी अंडी द्यायची आणि सोबत भाषण. ओटीवर बसून, पदर सावरून. "तुमची ती काळी काढून टाका हो, काय कामाची?" बायका ऐकायच्या. मी छापील कागद वाचलेली बाई. दोन-तीन वर्षांत वाडीत जिकडं बघावं तिकडं पांढरं. पोलादपूरच्या बाजारात कुणीतरी म्हणालं, "तुमच्या वाडीत काय चुना सांडला काय?" मला ती स्तुती वाटली.

घारीलाही आवडलं. हिरव्या अंगणात पांढरी पिल्लं लांबून काय छान दिसत असतील! आणि आता बोंब मारणारं कुणी नव्हतं. मुंगूस आलं, तर माझ्या पहिल्या नंबरच्या कोंबड्या मान वाकडी करून त्याच्याकडं बघत, जसं काही तेही मोजणी करायला महाडहून आलंय.

मग तो चैत्र आला. येत्या मार्गशीर्षात मान आमचा, हे ठरलं. सासूबाई अंगणात उभ्या राहिल्या, कोंबड्यांवरून एक नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "राखणंचा कंचा गो?"

मी बघितलं. पांढरा, पांढरी, पांढरा, पांढरी. तांबडा औषधालाही नाही. तरी तोंड चाललंच. "आई, आता अंडी बसवते ना. एखादं तरी पिल्लू पणजीवर जाईल, तांबडं निघेल. मार्गशीर्षापर्यंत आरवायला लागेल."

"बसवशील कुणाखाली?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. वर्षभर आमच्याकडं एकही कोंबडी खुडूक झाली नव्हती. मला तो माझा विजय वाटत होता. अंडी घालायची आणि टोपलीकडं वळूनही न बघता चालू पडायचं, अशाच तेवढ्या मी निवडून निवडून ठेवल्या होत्या. आईपणाची हौस असलेली एकूण एक मी नापास करून डोंगरावर पाठवलेली.

हार मानली तर मी कसली? मडक्यात भाताचं तूस घातलं, त्यात अंडी मांडली, मडकं चुलीशेजारी ठेवून वर गोधडी गुंडाळली. दिवसातून कितीदा तरी हात घालून बघायची, अंडी उलटायची, माझ्या मनानंच ऊब कमी-जास्त करायची. एका सकाळी मडक्यात फट्कन आवाज झाला. काय वास सुटला म्हणता! सासूबाई नाकाला पदर लावून दारात आल्या.

"आता तूच बस त्याच्यावर," म्हणाल्या. "तेवढंच ऱ्हायलंय."

मग मी खुडूक कोंबडी उसनी मागायला वाडीत निघाले. दारोदार. "काकी, तुमच्याकडं खुडूक आहे का हो?" पहिल्या घरी नाही. दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या घरची काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खुडूक? तूच ना सांगितलंस गो, काढून टाका म्हणून? आमची काळी गेली ती तुझ्याच भाषणानं. आता तूच पांढरी पिसं लावून बस." घराघरांतून माझंच उत्तर माझ्याकडं टकामका बघत होतं. दरड कोसळली होती आणि वाडीतली एकूण एक गाडी माझ्याच सांगण्यावरून त्याच रस्त्याला लागलेली.

राहिला तो डोंगर. भर उन्हात चढून मावशीच्या वाडीत पोचले, तर तिच्या अंगणात जत्रा भरलेली. तांबड्या, काळ्या, कबऱ्या, बोडक्या मानेच्या, उलट्या पिसांच्या, अर्ध्या पांढऱ्यासुद्धा. घार आभाळात दिसली तशी दोघींनी-तिघींनी अशी बोंब ठोकली, की मीच गोठ्यात पळाले.

मावशी पोट धरून हसली. "सूनबाई, ह्या तुझ्याच की गो नापासातल्या! तुलाच भ्यायला लावलं."

"मावशी, तुम्ही निवडता तरी कशा?" मी विचारलं.

"मी कुठं निवडायला जाऊ? मला काय तेवढंच काम हाय? जी जगली ती माझी." मग माझं तोंड बघून तिनं हसू आवरलं. "खुडूक हवी ना? ने. तीन बसल्यात. अंडी बी ने, तांबडीखालची."

उतरताना माझ्या डोक्यावर डालगं, डालग्यात कोंबडी, आणि ती सबंध वाट माझ्यावर गुरगुरत होती. मी चौथी पास आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली आले तर नवीच धास्ती. अंडी बाहेरची, कोंबडी बाहेरची. मग कोंबडा घरचा कसा ठरणार? सासूबाईंना विचारायची हिंमत होईना. शेवटी त्यांनीच माझं तोंड वाचलं.

"अंडं कुणाचं बी असंना," त्या म्हणाल्या. "फुटंल कुठं? आपल्या आंगणात. तू तरी कुठं ह्या घरात जन्मलीस? भायेरनंच आलीस ना? तरी घरचीच हायेस." आणि जरा थांबून, "घरातल्या कोंबड्या संपवल्यास, म्हंजे घरचीच."

पिल्लं निघाली ती रंगीबेरंगी. घारीनं दोनदा झडप घातली, दोन्ही वेळा त्या खुडूक बयेनं तिला मोकळ्या पंजांनी परत पाठवलं. एक पिल्लू मुंगसानं नेलं, एक पावसात गारठलं. उरलेल्यांत बहुतेक माद्या, एक काळा नर, आणि एकच तांबडा. मी त्याला तांदळाची कणी अशी चारत होते, की घरवाला पत्रातून विचारायचा, भात पुरतो ना? तांबडा वाढला. तुरा आला. गळा सोन्यासारखा झाला. फक्त आरवेना. दसरा गेला, दिवाळी गेली. मी सकाळी त्याच्यासमोर उकिडवी बसून स्वतः आरवून दाखवायची. शेजारणींनी ते कुंपणाआडून बघितलं होतं, हे मला पुढं फार वर्षांनी समजलं. अखेर एकदा पहाटे आरवला. सुरुवातीला घसा बसल्यासारखा, मग खणखणीत. सासूबाई अंथरुणातच म्हणाल्या, "झालं बाय तुझं."

पण झालं नव्हतं. शेपटी भरली, तसं त्यात एक पीस निघालं पांढरंशुभ्र. विलायती कोंबडा माझ्या नापास कोंबड्यांमार्फत डोंगरावर गेला होता, तिथून अंड्यात बसून परत आला होता. मी ते पीस रोज बघायची आणि मनाची समजूत घालायची, की आज जरा तांबूस वाटतंय.

राखणेच्या दिवशी सासूबाई ते बाजूला ठेवलेलं लुगडं नेसून अंगणात आल्या. मी कोंबडा त्यांच्या हातात दिला, पांढरं पीस माझ्या बाजूला येईल असा धरून. त्यांनी तो फिरवला. पीस बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग शेपटीत हात घालून एका झटक्यात ते उपटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"धर. ही तुझी हुशारी."

देवळासमोर सगळी वाडी जमली होती. गावकीतल्या म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "कोंबडा घरचा?"

"घरचा," सासूबाई म्हणाल्या. आवाज असा, की मागच्या रांगेतही ऐकू गेला. "सुनेनं वाढवलाय."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी मूठ घट्ट मिटली आणि मान खाली घातली. वाडीला वाटलं, सून किती नम्र आहे.